गारपीट पथकातून वगळलेली

कल्पना करा, एका बंद खोलीत बसून तुम्हाला एका माणसाचं पुढचं आयुष्य ठरवायचं आहे. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, प्रत्येकीवर एक नाव. ज्याचं नाव, तो खोलीत नाही. तुमची पाळी आली की दोन-चार वाक्यांत सांगायचं, हिला वर घ्या, याला आहे तिथेच राहू द्या. कॉफी निवायच्या आत निकाल लागतो. काय बोलाल तुम्ही?

ओमाहाच्या एका विमा कंपनीत मार्लीन नोव्हॉटनी दर हिवाळ्यात अशा खोलीत बसायची आणि हाताखालच्या लोकांसाठी तावातावाने भांडायची. तिची स्वतःची चिठ्ठी मात्र वरच्या मजल्यावर लागायची. तिथे तिच्या वतीने बोलायचा डग, तिचा साहेब.

यंदा क्लेम विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. ती मला हवी आहे, एवढं तोंडाने म्हणायलाच मार्लीनला कितीतरी वर्षं लागली होती. बैठक उरकून डग तिच्या केबिनमध्ये आला आणि त्याने दार लोटून घेतलं. तेव्हाच ती काय ते समजली.

"टॉडला दिली."

"टॉडला? पॉलिसीतलं कलम शोधायला तो माझ्याकडे येतो, डग!"

"माहीत आहे गं. पण तो गारपीट पथकाचा म्होरक्या होता. तू एकदाही गेली नाहीस."

गारा पडल्या की पथक निघायचं. मोटेलात मुक्काम, शिड्या लावून छपरं तपासायची, रडवेल्या लोकांच्या स्वयंपाकघरात बसून भरपाई ठरवायची. पथक चालवल्याशिवाय वरच्या मजल्यावर कुणी पोचलेलं नव्हतं. असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता, पण ठाऊक सगळ्यांना होता.

"मला कधी पाठवलंच नाही."

"एका वर्षी नाव होतं की तुझं. पण तुझा बेन तेव्हा लहान, त्यात त्याचा दमा. म्हटलं, हिला कशाला त्रास? तुझ्या काळजीपोटीच वगळलं."

"टॉडला तेव्हा जुळी झाली होती."

"त्याची बायको होती ना घरी."

"हे पहिल्यांदा कोण बोललं?"

डगला खोटं बोलणं जमत नसे. खिडकीकडे बघत तो म्हणाला, "जॉइस."

जॉइस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत तेव्हा बसणारी एकमेव बाई. मार्लीनला नोकरीवर घेतलं तिनेच, आणि बैठकीत आपला शब्द खाली पडू न द्यायला शिकवलंही तिनेच. आता ती निवृत्त होऊन नदीपलीकडे राहत होती. शनिवारी मार्लीन तिच्या दारात उभी राहिली.

"ये, प्रमुखबाई!" जॉइस हसत म्हणाली. मग तिने मार्लीनचा चेहरा पाहिला.

मार्लीनने कोटही उतरवला नाही. "मला पथकातून तू काढलंस?"

"काढलं. रात्रभर बेनला घेऊन इस्पितळात बसायचीस आणि सकाळी त्याच कपड्यांत कामावर. मोडून पडली असतीस, पोरी."

"मग मला विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर 'जाते' म्हणाली असतीस. नाही म्हणायची सोय होती का आपल्याला? नाही म्हटलं की शिक्का बसला." जॉइस खुर्चीत बसली. "मी गेले होते माझ्या वेळी. तान्ही पोर बहिणीकडे टाकून. ती बहिणीला आई म्हणते आणि मला जॉइस. तेव्हा माझ्यासाठी कुणीतरी बोलायला हवं होतं. म्हणून मी तुझ्यासाठी बोलले."

पुलावरून परतताना मार्लीनला जॉइसचा रागही धड येईना आणि तिला माफही करवेना.

पुढच्या आठवड्यात टॉडने पथकासाठी नावं मागितली. मार्लीनच्या हाताखालची ब्रियाना कामाला चोख होती, आणि तिचं मूल अजून अंगावर पीत होतं. मार्लीनने तिला आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "जाशील का? नाही म्हणालीस तरी माझ्या मनात काही येणार नाही."

"जाते," ब्रियाना म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आतच म्हणाली. तिचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते.

मार्लीनने तिचं नाव टॉडला कळवलं. पण समोरच्या बाईला खरोखरच नाही म्हणता येईल, असं विचारायचं तरी कसं?