लाल निघालेले पापड

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशीही नाही. तशी मी कमीच बोलते. शाळा चिखलीला, इंग्रजी माध्यमाची. गावात बायकांच्या गप्पांत बसले की अर्ध्या वाक्यावर अडायचे. त्यामुळे माझं गप्प राहणं कुणाला कधी खटकलं नाही. एकदा तरी खटकायला हवं होतं.

अमडापूरला आमचा पापडांचा उद्योग आहे. घरामागे पत्र्याची शेड, लाटायला सात बायका, वाळवायला गच्ची. मागच्या महिन्यात चिखलीच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय – संकटातून उभं राहणं. मी नेहमीचंच सांगितलं. दुसऱ्याच वर्षी आख्खी ऑर्डर परत आली, दुकानदाराने माल घेणं बंद केलं, मग मी लहान पुड्या बांधून आठवडी बाजारात पोतं अंथरून बसले. ओळखीचं कुणी दिसलं की मान खाली घालायचे. हळूहळू मान वर राहू लागली. हे सगळं खरं आहे. पण ऑर्डर परत का आली? माल बिघडला, असं मी सांगते. माल काय, आपोआप बिघडतो?

पापडाच्या पिठात पापडखार लागतो. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या वच्छलाबाई तो अंदाजाने घ्यायच्या, चिमटीने आणि नजरेने. मी वजनकाटा आणला. काट्याबरोबर थोडा तोराही आणला असेन. त्या दिवशी मी खार मोजून उकळत्या पाण्यात घातला, तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला – माल कधी देताय म्हणून. बोलून परत आले आणि पुन्हा मोजायला घेतला. मंगलाकाकू परातीपाशी बसल्या होत्या. त्या दिवशीचं पीठ त्याच तिंबणार होत्या. हळूच म्हणाल्या, "ताई, आत्ताच तं टाकला ना तुम्ही."

मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोजून टाकतेय काकू, म्हटलं. आणि घातला.

दहा-बारा दिवसांनी दुकानातून पापडांची पोती परत आली. वच्छलाबाईंनी शेडमध्येच दोन पापड तळून पाहिले. विटेसारखे लाल, आणि तोंडात घातले तर साबण चावल्यासारखे. पाहताक्षणी मला कारण कळलं. शंका म्हणून काही उरलीच नाही – खार जास्त झाला की पापड लाल होतो, एवढं कळायला नववीचं रसायनशास्त्रही पुरतं.

पण शेडमध्ये दुसरं कारण तयार होतं. पाळी आलेल्या बाईचा हात लागला की पापड लाल होतो, असं आमच्याकडे मानतात. वच्छलाबाईंनी कढई उतरवली आणि सगळ्यांकडे पाहत विचारलं, कोणाची अडचण होती त्या दिवशी, खरं सांगा बायांनो. कुणीतरी आठवण करून दिली – पीठ मंगलाने तिंबलं होतं. दुसरीने जोडलं – आणि दुसऱ्या दिवशी ती आलीच नव्हती. माहेरी आई आजारी होती म्हणून आल्या नव्हत्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही.

"मले काईच नव्हतं त्या दिशी," मंगलाकाकू म्हणाल्या. "ताईले इचारा."

एवढंच. खार दोनदा पडला, हे त्यांनी सांगितलं असतं तर? त्या बोलल्या नाहीत. मालकिणीची चूक चारचौघींत मालकिणीनेच सांगावी, असं त्यांना वाटलं असेल. माझ्याकडे पाहत थांबल्या. तेल अजून तडतडत होतं.

मी म्हणाले, "झालं ते झालं. पुढच्या वेळी सगळ्यांनी काळजी घ्या."

यात कुणाचं नाव नाही. शोधलं तर एक खोटा शब्दही सापडणार नाही. पण त्याचा अर्थ काय लागला, ते शेडमधल्या प्रत्येकीला कळलं – आणि तोच लागावा म्हणून मी ते तसं बोलले. वच्छलाबाई म्हणाल्या, "पाह्य, पोरीचं मन केवढं मोठं हाये." ते कौतुकही मी ठेवून घेतलं.

मंगलाकाकूंना मी कामावरून काढलं नाही. असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. त्या आठवडाभर आल्या. कुणी त्यांच्यापुढे पिठाची परात सरकवेना. त्या नुसत्या पापड मोजून थप्प्या लावत बसायच्या. मग यायच्या थांबल्या. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या घराघरांत बायका एकमेकींकडे पापड लाटायला गेल्या. मंगलाकाकूंना कुणी बोलावलं नाही. त्यांचं घर आमच्यापासून चौथं. मी किती वेळा त्या दारावरून गेले असेन?

तेव्हापासून शेडमधल्या बायका महिन्याचे चार दिवस आपणहून येत नाहीत. त्या चार दिवसांची मजुरी बुडते. हा नियम मी केला नाही. मोडलाही नाही. मोडायला गेले, तर कुणीतरी विचारेल – मग त्या वेळी पापड लाल कशाने झाले होते?

कॉलेजात भाषण संपल्यावर एका मुलीने विचारलं, पोती परत आली तेव्हा तुम्ही स्वतःला काय सांगितलंत? माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं ते झालं." पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी ते वहीत लिहून घेतलं. मी माइक खाली ठेवला आणि पाणी प्यायले.

आमच्या गच्चीवरून मंगलाकाकूंची गच्ची दिसते. पापड म्हणजे एकटीने करायचं काम नाही – एक तिंबते, एक लाट्या करते, दोघी लाटतात. त्या एकट्या करतात. या वर्षीही केले. जुन्या सुती साडीवर पसरलेले, पन्नास-साठ, बेताचे. वाऱ्याने कड उचलली की पोळपाट बाजूला ठेवून उठतात, साडीवर दगड ठेवतात, पुन्हा लाटायला बसतात.

त्या दिवशी पापडखार मी दोनदा घातला होता. मंगलाकाकूंनी मला वेळेवर सांगितलं होतं.