जाळीमागची लाल झेंडी

रविवार, संक्रांतीच्या आधीचा. हजर: आमच्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत मी आणि हे, नाल्यापलीकडे आपल्या गच्चीवर नाना, एकटे. पुण्याचा धाकटा भाऊ नेहमीप्रमाणे फोनवर.

नाना म्हणजे माझे वडील, रेल्वेचे निवृत्त गार्ड. आई गेल्यावर आमच्याकडे यायला त्यांनी साफ नकार दिला. ऐकू फार कमी येतं, म्हणून फोनचा उपयोग नाही. तोडगा त्यांनीच काढला: ऊन उतरलं की ते गच्चीवरून हिरवी झेंडी दाखवणार, आम्ही बाल्कनीतून हिरवी हलवून ‘ऑलराइट’ द्यायचं. लाल दिसली तर निघायचं. आमचं उत्तर मिळालं की मगच ते झेंडी खाली घेणार.

“फोनवर तर आजारी माणूससुद्धा ‘ठीक हूँ’ म्हणतो,” नाना म्हणाले होते. “झेंडी दाखवायला जिना चढावा लागतो.”

भावानं एकच अट घातली. एकदा जरी हे फसलं, तरी नानांनी घर बंद करून ताईकडे यायचं. नानांनी लगेच मान्य केलं. फसेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

यंदा त्यांच्या घरासमोरच्या प्लॉटवर बिल्डिंग उठायला लागली. आधी गच्चीचा कठडा दिसेनासा झाला, मग नानांची कंबर. दिवाळीनंतर नुसते खांदे आणि झेंडी. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना माझी नजर त्या स्लॅबवरच.

त्या रविवारी बिल्डिंगला हिरवी जाळी चढली होती आणि वारा सुटला होता. ह्यांनी दुर्बीण लावली.

“दिसली. हिरवी.”

मी आमची झेंडी हलवली आणि चहा ठेवला. तरी चैन पडेना.

“नीट बघितलीत ना?”

“अगं, चांगली फडफडतेय. आता काय आमंत्रणपत्रिका पाठवू?”

चहा झाल्यावर मी पुन्हा बाहेर आले. हिरवं अजून फडफडतच होतं. उत्तर मिळाल्यावर नाना झेंडी धरून उभे राहत नाहीत. मी किल्ली उचलली.

सरळ रेषेत हाकेवरचं घर, पण रस्त्यानं कृष्णपुऱ्याच्या पुलावरून वळसा, आणि रविवारची गर्दी. स्कूटरवर मागे बसून हे सारखे “हळू, हळू” म्हणत होते.

नाना गच्चीच्या दारात बसले होते. शेवटच्या पायरीवर घसरून घोटा सुजला होता, उतरता येत नव्हतं. मांडीवर लाल झेंडी. समोर जाळीचं सुटलेलं टोक वाऱ्यावर उडत होतं. जवळून जाळीच्या आरपार दिसतं. लांबून नुसता हिरवा रंग दिसतो.

“मी एका पायावर उभा राहून लाल दाखवतोय आणि तू हिरवी देतेस?” नाना कडाडले. “गाडीवर गाडी चढवली असतीस! आणि जावईबापू दुर्बीण लावून!”

“नाना, मी तर चष्मापण लावला होता,” हे म्हणाले.

त्यांना दोघांनी धरून खाली आणलं. पलंगावर टेकल्यावर नानांचा आवाज उतरला.

“पुण्याला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“नको सांगूस. सिग्नल फसला नाही, बेटा. जाळी मधे आली.”

हाड शाबूत होतं. डॉक्टर, पट्टी, डबा, रात्रीच्या सोबतीला बाई, सगळं मी दोन दिवसांत लावून दिलं. भावालाही सांगितलं. त्याचं एकच: “मग कधी हलवतेयस?”

बुधवारी नानांच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तर पाण्याच्या टाकीला शिडी लावलेली.

“ही कशाला, नाना?” मी खाली येऊन कानाशी ओरडले.

“कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियन भियाकडून मागवून ठेवली. पाय बरा झाला की टाकीवर उभा राहीन. पूर्ण दिसेन, टाचेपासून.”

शिडी परत पाठवायची आहे. दोनदा ह्यांना घेऊन गेले, आणि दोन्ही वेळा नानांचा घोटा शेकून, त्यांच्याबरोबर चहा पिऊन आम्ही तसेच परतलो. काल ते भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत चालले. शिडी अजून टाकीलाच आहे.