बाहेरून कडी

शर्टाच्या कारखान्यात ती काजं करते. शर्टाला सात काजं, आणि मशीनवरून मान वर करायची नाही. तिथं तिला काजवाली म्हणतात, मीही तेच म्हणते. वय एकोणीस.

तिची आई जन्मठेपेत आहे. मारायला उठलेल्या नवऱ्याला तिनं ढकललं, तो जिन्यावरून गडगडत खाली गेला आणि पुन्हा उठलाच नाही. खून की अपघात, ते कोर्टानं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही, नाहीतर मी सांगितलं असतं. तेव्हा काजवाली तेरा वर्षांची होती आणि धाकटी आईच्या पोटात. थोरली मावशीच्या गळ्यात पडली, धाकटी तुरुंगात जन्मली.

तिथं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ ठेवतात. मग बाहेर. म्हणजे आईपासून तोडायची शिक्षा पोरीला सहाव्या वाढदिवसाला झाली, तीही गुन्हा न करता! बराकीतल्या बायका तिला जेलरबाई म्हणायच्या, कारण म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती दटावून झोपवायची. तेच नाव घेऊन ती बाहेर आली.

मावशीनं हात वर केले. "एकीला वाढवलं, आता दुसरी नको. माझं काय अनाथालय आहे?" काजवालीनं त्याच आठवड्यात एक खोली भाड्यानं घेतली आणि बालकल्याण मंडळापुढे उभी राहून सांगितलं, "बहीण माझी आहे. मी सांभाळते." मंडळातल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तीन महिने पोर हिच्याकडे, मधे कधीही तपासणी, मग कायमचा निकाल. गल्लीतले सगळे अर्ज मीच लिहिते, म्हणून मीही सोबत होते; बाहेर आल्यावर काजवाली माझा हात सोडेना. "काकू, तीन महिने म्हणजे काहीच नाही ना हो?"

काहीच नाही, मी म्हटलं.

शाळा सुरू व्हायला अजून अवकाश होता. दिवसा धाकटीला शेजारी, नळवाल्याच्या बायकोकडे ठेवायचं ठरलं. पण पोरीनं जन्मात पुरुष पाहिले होते ते लांबून, वर्दीतले. नळवाला घरात आला की ती मोरीत लपायची. तो बिचारा हसायचा, "माझ्याच घरात मी चोर झालो की!" चार दिवसांनी त्याची बायको म्हणाली, "अगं, पाणी प्यायलासुद्धा विचारते ही. आणि दार वाजलं की थरथर कापते. मला नाही बघवत."

मग धाकटी खोलीतच राहायला लागली. दार नुसतं लोटलेलं, शेजारीण अधूनमधून डोकावणार. संध्याकाळी काजवाली आली तर पोर खाटेखाली, कपडे ओले, सकाळचा डबा तसाच.

"काय झालं गं?"

"दार उघडं होतं. कुणीपण आलं असतं."

"आतून कडी लावायची मग."

"आतून नसते लावायची. ताई, तू बाहेरून लाव ना. मग कुणी येत नाही."

पहिल्या दिवशी काजवालीनं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा तसाच. तिसऱ्या दिवशी तिनं बाहेरून कडी घातली. आणि पोर जेवली! चित्रं काढली, गाणी म्हटली, दुपारी गाढ झोपली. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत काजवाली धावत यायची, डोकं कुरवाळून धावत जायची. सुपरवायझर म्हणायचा, "हिला शर्यतीत उतरवा रे!"

हे तिनं मला सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "पोर जेवते ना? मग राहू दे. मुदत संपली की मोडू सवय." मी, जी अख्ख्या गल्लीला कायदा शिकवते!

मुदतीला तीन आठवडे उरले असताना तपासणीच्या बाई आल्या. सकाळी अकराला, न सांगता. शेजारीण म्हणाली, "आत आहे की." बाईंनी कडी काढली. पोर झटकन उठली, भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि बराकीतल्या मोजणीला म्हणतात तसं म्हणाली, "एक हजर, एक कामावर."

शेजारणीचा निरोप मिळताच काजवाली धापा टाकत आली, अंगावर दोऱ्याचे तुकडे.

"किती वेळ कोंडता तिला?"

"कोंडत नाही हो बाई. तिलाच तसं हवं असतं."

"सहा वर्षांच्या मुलीला?"

"मीच सांगितलं," धाकटी मधे बोलली. "ताईला ओरडू नका."

बाईंचा आवाज खाली आला. "आणि आग लागली असती तर?"

तेवढ्यात मी पोचले आणि बोलत सुटले. "तुमच्या सरकारनं सहा वर्षं कोंडलं तेव्हा आग आठवली नाही का?" बोलले ते खरंच होतं. पण अहवालात त्याचीही ओळ पडली. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडायला बरं झालं असतं.

मंडळानं दहा मिनिटांत धाकटीला बालगृहात पाठवलं. ती रडली नाही. उंच फाटक बघून तिनं काजवालीचा हात सोडला आणि तपासणीच्या बाईंचा धरला. महिन्यानं कागद आला. मुलगी उत्तम रुळली आहे, शिस्तप्रिय आहे. काजवालीनं तो दोनदा वाचला. "चांगलंच लिहिलंय ना, काकू?"

पुढच्या भेटीला तुरुंगात मी तिच्यासोबत होते. दर भेटीला ती धाकटीला न्यायची. आता बालगृहाच्या परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि परवानगी मिळत नाही. काचेपलीकडून आईनं तिच्या मागे बघितलं, मग बाजूला बघितलं.

"ती कुठाय?"

काजवालीनं सगळं सांगितलं, कडीसकट. आई ऐकत राहिली. मग फोनमध्ये म्हणाली, "मग तू कशाला आलीस?"

रागाच्या भरात म्हणाली असेल. आईच ती, मी काजवालीला परतताना हजारदा समजावलं. ती हूं हूं करत राहिली. तेरा वर्षांची असल्यापासून ती या बाईच्या भेटीला येते, कधी चुकली नाही.

परवा मी नवा अर्ज घेऊन कारखान्यात गेले. धाकटीला परत मिळवायचा. म्हटलं, "वाच, मग सही कर."

"कुठे करायची तेवढं दाखवा," ती म्हणाली. सही करून तिनं मशीन सुरू केलं. अर्जात काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही.