लिक्विड कूलर, खडू आणि नलिनीताईंची कॅसेट

पाणी गळणारच, असं मानणाऱ्या माणसाची मी बायको होते.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं.

गोरव्याच्या कारखान्यात ह्यांनी जन्मभर पंप तपासले. जॉइंटला खडू फासायचा, पंप चालू करायचा आणि बघत बसायचं. खडू ओला होऊन काळवंडला की पंप नापास. मग कितीही मोठे साहेब येऊन गुजरातीत "चालसे, जवा दो" म्हणाले तरी तो पंप बाहेर जायचा नाही.

घरीही तेच. गॅसची नळी, दूधवाला, जावई. सगळ्यांवर नजर.

रिटायर झाल्यावर तरसालीच्या घरी हे लोकांच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागले. एका मे महिन्यात कॉम्प्युटर तापून मधेच बंद पडायला लागला.

बाकीच्या कॅसेट पुन्हा लावता यायच्या. नलिनीताईंची नाही.

नलिनीताई मागच्या सोसायटीतल्या. नवरा नुकताच गेलेला. कॅसेटला बुरशी लागलेली. ह्यांनी ती पुसून, वाळवून ठेवली आणि मला म्हणाले, "एकदाच चालेल. मधे बंद पडलं तर फीत पुन्हा टिकायची नाही."

नलिनीताई दिवसाआड यायच्या. "झालं का हो भाऊ?"

दिवसाआड! मला काही ते बरं वाटेना.

"एवढं काय आहे त्या कॅसेटमध्ये?"

"मी नाही विचारलं."

"मग विचारा."

"तू विचार. तुलाच झोप लागत नाहीये."

मी विचारलं.

"त्यात त्यांनी उखाण्यात माझं नाव घेतलंय," नलिनीताई म्हणाल्या. "एरवी आयुष्यभर 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का'. आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही हो."

मी चहा टाकायला आत गेले.

मग सुरू झाला कूलरचा शोध.

निजामपुऱ्यातल्या दुकानातून आधी पंख्याचा मोठा कूलर आणला. तो बसवला तर कॅबिनेटचं झाकण लागेना. कॅबिनेट ह्यांनीच मापं देऊन मित्राकडून पत्र्याचं करून घेतलेलं, टीव्हीच्या शोकेसखाली सरकावं म्हणून बुटकं.

"राहू दे की झाकण उघडं," मी म्हटलं.

"आणि पाल?"

कूलर परत. दुकानदार म्हणाला, आता एकच उपाय, लिक्विड कूलर. प्रोसेसरवर एक छोटा पंप बसतो, दोन नळ्यांतून पाणी फिरतं, मागच्या जाळीत जाऊन गार होतं.

पाणी. विजेच्या शेजारी. ह्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

"काका, पाणी नथी, कूलंट छे. सील पेक. टेन्शन ना लो."

"सील पेक छे ए ज तो वांधो छे. खोलाय नहीं तो अंदर शुं चाले छे ए खबर केम पडे?"

जे उघडून बघता येत नाही ते दुकानदाराला गुण वाटत होतं, आणि ह्यांना गुन्हा.

दोन कूलर समोर ठेवले होते. एकात रंगीत दिवे. ह्यांनी तो बाजूला सारला. "दिवे लावून काय लपवतायत?" दुसऱ्याच्या नळ्या दाबल्या, वाकवल्या, हुंगल्यासुद्धा.

मी शाळा आठवीत सोडली, पण हाती येईल ते वाचते. डिक्शनरी उशाशी ठेवून इंग्रजीही शिकले. खोक्यावरचा बारीक मजकूर सगळा वाचून काढला. लीक हा शब्द कुठेच नव्हता, म्हणजे गळणार नाही अशी हमीही नव्हती. मला तेच खटकलं. ह्यांना सांगितलं, तर हे माझ्याकडे पहिल्यांदाच कारखान्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागले.

दुकानदार कंटाळला. "काका, आखी दुनिया वापरे छे!"

"आखी दुनियाना कोम्प्युटरमां नलिनीबेननी केसेट नथी."

मी शेजारीच उभी होते बरं का.

शेवटी तो बिनदिव्यांचा घरी आला. लगेच बसवला असेल? छे. पाटावर वर्तमानपत्र, त्यावर कूलर, प्रत्येक जॉइंटला खडू, आणि नुसताच पंप चालू. समोर हे.

"गळलं?"

"अजून नाही."

'अजून'वर जोर.

नलिनीताई दारात. "झालं का हो भाऊ?"

"नाही. अजून गळलेलं नाही."

त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बसा. पास होईपर्यंत आपल्याला थांबायचंय." आपल्याला म्हटलं मी. माझं मलाच नवल वाटलं.

शेवटी कूलर पास होऊन आत बसला. कॅसेट लावली त्या दिवशी बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. ह्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "तू टेंपरेचरचा आकडा बघ. चढला तर ओरड."

पडद्यावर आधी मुंग्या. मग अंतरपाट. मग वरात अडवून उभ्या बायका आणि एक बारीक मिशीवाला, घाम पुसणारा मुलगा.

"कमाटीबागेत फुलली जाई, नलिनीला घरी न्यायची मला घाई!"

कॅसेटमधल्या बायका खदखदून हसल्या. आमच्या खोलीत कोणी हसलं नाही.

"पुन्हा लावा," नलिनीताई म्हणाल्या.

"थांबा. सगळी उतरू दे."

आकडा चढला नाही. कॅसेट संपली. मग कॉम्प्युटरवरून मी ते नाव पुन्हा लावलं. पुन्हा. आणखी एकदा. नलिनीताईंनी माझा हात धरून ठेवला होता.

आणि हे कुठे होते? कॅबिनेटचं झाकण उघडून, शोकेसखाली डोकं घालून. हातात टॉर्च, एक बोट नळीच्या जॉइंटवर. बोट काढायचे, खडू कोरडा आहे का बघायचे, परत ठेवायचे.

"अहो, आता तरी वर या. बघा ना."

खालून आवाज आला, "तुम्ही बघा. मी आहे इथे."

अहो, तुमच्या आठवणीला माझा नमस्कार.