देवकीचं पितळी बुडकुलं

डिचोलीच्या बाजारात गोकुळदास कासाराचं दुकान कुणाला विचारावं लागत नसे. ठोकण्याचा आवाज धरून चालत राहिलं की माणूस बरोबर दारात येई. पुढच्या पडवीत समया, घंटा आणि घागरी मांडलेल्या असत. मागच्या पडवीत भट्टीपाशी त्याची बायको देवकी बसे. तिचं माहेर पेडण्याकडचं, हळर्णचं. बाप गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचा. कथील किती तापलं हे त्याच्यासारखंच तिलाही नुसत्या वासावरून कळायचं.

घागरीचे दोन भाग गोकुळदास ठोकून घडवी आणि त्यांचा सांधा देवकी लावी. तिने लावलेल्या सांध्यातून कधी थेंब झिरपला नाही. गिऱ्हाईक मात्र गोकुळदासाच्या हाताची तारीफ करून घागर घेऊन जाई. देवकीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गोवा मुक्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका सकाळी चोपड्याचा बाबली दुकानात आला. चोपडे ते शिवोली अशी नदीपार माणसं नेणारी त्याची लाँच होती. पेट्रोलवर चालणारी म्हणून जुनी माणसं तिला अजून 'गाझोलीन' म्हणत. बाबलीने खिशातून रुमाल काढला आणि तो उलगडून चपट्या डबीसारखी एक पितळी वस्तू समोर ठेवली.

"ह्या दुरुस्त करून होया, गोकुळदास."

"ह्या काय?"

"इंजिनाचो फ्लोट. पेट्रोलाच्या वाटीत हो तरंगता. वाटी भरली की हो वर येता, वरची सुई वर ढकलता आणि पेट्रोलाचा भोक बंद. पेट्रोल जळला की हो खाली, भोक उघडा. आता हेका बारीक भोक पडला. आत पेट्रोल गेला, जड झालो. तरंगणाच नाय, मग भोक बंद होणाच नाय."

परवाच भर नदीत इंजिन पेट्रोलाने तुडुंब होऊन बंद पडलं होतं. ओहोटी होती. माणसांनी भरलेली लाँच मोरजीच्या तोंडाकडे, समुद्राकडे वाहत निघाली. रेतीच्या होडीवाल्यांनी दोर टाकला म्हणून वाचली. त्यात एक बाळंतीण होती. इंजिन पोर्तुगिजांच्या काळात परदेशातून आलेलं. आता तिकडून सुटे भाग येणं बंद झालं होतं. म्हापशाच्या दुकानदाराने हात वर केले होते.

"आम्ही समया करतो, बाबा. इंजिनाचा काम आमचा न्हय," गोकुळदास म्हणाला.

देवकी आतून ऐकत होती. ती बाहेर आली, तिने ती डबी उचलली आणि कानापाशी धरून हलवली. आत डुचमळलं.

"ह्या तर बुडकुला," ती म्हणाली. "उलट्या घागरीसारख्या. घागरीतून पाणी बाहेर जाता नये, हेच्यात आत येता नये. इतकाच ना?"

बाबलीने मान डोलावली. "इतकाच, वहिनी."

तिने ती डबी कढत पाण्यात बुडवली. कडेच्या सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले आणि भोक सापडलं. आतलं पेट्रोल वाफ होऊन निघून जावं म्हणून तिने पुन्हा पुन्हा पाणी तापवलं. आता आत काही उरलं नाही असं वाटून ती डबी घेऊन भट्टीशी बसली. पण थोडी वाफ राहिली होती. तापलेलं लोखंड टेकताच फट्‌ आवाज झाला, ज्वाळ उडाली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला.

गोकुळदासाने धावत येऊन हातावर पाणी ओतलं.

"पुरे झाला! तो फ्लोट त्याका परत दी. उद्या ह्या घर पेटवशीत."

डबी फुटून वाकडी झाली होती, ती परत देण्यासारखीही राहिली नव्हती. बाबली ओशाळून निघाला, तेव्हा देवकीने त्याला थांबवलं.

"जुन्यात पेट्रोल होता, म्हणून पेटला. नव्यात कसला पेट्रोल? मी नवीन करतंय. तू आठ दिवसांनी ये."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत पातळ पितळी पत्रा गोकुळदासानेच शोधून काढला, लाल होईस्तोवर तापवून पाण्यात विझवला आणि मऊ करून तिच्यापुढे ठेवला. तिचा उजवा हात बांधलेला होता. तिने खुणा करून दाखवायच्या आणि त्याने लाकडाच्या खळग्यात पत्रा ठोकायचा, असं काम सुरू झालं. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्या सांगण्यावरून हातोडी चालवत होता.

दोन उथळ वाट्या झाल्या. हाताची पट्टी सुटल्यावर देवकीने त्या तोंडाला तोंड लावून जोडायला घेतल्या. सांधा पुरा होत आला की शेवटच्या टोकाला कथील उसळून बाहेर येई. कोंडलेली हवा तापून वाट शोधते, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिने वरच्या वाटीला सुईएवढं भोक ठेवलं, सांधा पुरा केला, बुडकुलं गार होऊ दिलं आणि शेवटी कथलाच्या एका टिपक्याने भोक बुजवलं. जड झालं तर तरंगणार नाही, म्हणून शेजारच्या शंभू शेटीच्या सोन्याच्या काट्यावर एका पारड्यात जुना वाकडा फ्लोट आणि दुसऱ्यात नवा ठेवला. नवा थोडा हलकाच भरला. कढत पाण्यात एकही बुडबुडा आला नाही.

बाबली तो घेऊन आनंदाने गेला आणि थोड्याच दिवसांत तोंड पाडून परतला. आत पुन्हा पेट्रोल शिरलं होतं.

"पाण्यात तर टिकलेला," गोकुळदास म्हणाला.

देवकी सांध्यावरून नख फिरवत होती. एका जागी तिला चिकट लागलं. झाळ, म्हणजे वितळलेलं कथील, नीट धरावी म्हणून ती सांध्याला राळ लावायची. एक अगदी बारीक भोक त्या राळेनेच बुजलेलं होतं. पाण्यात राळ टिकली आणि पेट्रोलात विरघळली. हे उमगताच ती मोठ्याने हसली. घरात सगळे दचकले.

तिने पुन्हा नवं बुडकुलं केलं. या खेपेला अंगणात, भट्टीपासून दूर, सांधा पेट्रोलाच्या बोळ्याने पुसून काढला आणि मगच कढत पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही. मग ते पेट्रोलाच्या वाटीत दिवसभर तरंगत ठेवलं आणि संध्याकाळी कानाशी धरून हलवलं. आत काहीच हललं नाही.

"ह्या घेऊन मी येतंय," ती बाबलीला म्हणाली. "लाँचीत मी बसतलंय."

"तू कित्याक?" गोकुळदासाने कारण विचारलं.

"माणसा बसतली, मग मी नको?"

गोकुळदासही तिच्याबरोबर निघाला. चोपड्याच्या धक्क्यावर बाबलीने फ्लोट बसवला. ओहोटी लागलेली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. लाँच माणसांनी भरली. देवकी इंजिनाजवळच्या फळीवर बसली. भर नदीत आल्यावर तिने डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. इंजिनाची धडधड कुठे अडखळली नाही. शिवोलीचा धक्का आला, बाबलीने दोर फेकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "डिचोलीच्या वहिनीन केललो फ्लोट! बघून घेवा!"

माणसं वळून बघू लागली. देवकी मान खाली घालणार होती, पण घातली नाही.

त्यानंतर साखळीहून बसवाले आले, खाणीवरचे पंपवाले आले, सावंतवाडीहून एक जुनी मोटार बाळगणारे वकील आले. गोकुळदास कातायच्या चरकावर फ्लोटवरच्या पितळी सुया कातू लागला आणि देवकी बुडकुली जोडू लागली. समयाही होत राहिल्या. पण दुकानात शिरून "मेस्त खय?" म्हणून कुणी मुख्य कारागिराची चौकशी केली की गोकुळदास हातातलं काम न थांबवता मागच्या पडवीकडे बोट दाखवी.

एका गणेशचतुर्थीआधी त्याने कृष्णनाथ पेंटराला पाटी रंगवायला बोलावलं. वर 'समया व घागरी' लिहून झालं.

"आणि खाली 'फ्लोट व सुया'. नाव तुझाच ना?" कृष्णनाथने विचारलं.

"तिचा. देवकी कासार."

"फुडे सौ. घालू?"

"सौ. कित्याक?" गोकुळदास म्हणाला. "मेस्त घाल. मेस्त देवकी कासार."

देवकी जनेलाच्या गजांआडून हे ऐकत होती. तिने पदर खोचला, रस्ता ओलांडून पलीकडच्या पाववाल्या पदेराच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली आणि पाटी ओली असतानाच तिने ती अक्षर अक्षर लावून वाचली. पदेराने विचारलं, उंडे किती देऊ? तिने ऐकलंच नाही. ती पुन्हा पहिल्यापासून वाचत होती.