तिसऱ्या कवळीचं जेवण

कवळीकाकांशी बोलताना माणूस हळूहळू अस्वस्थ व्हायचा, कारण काका त्याच्या डोळ्यांकडे बघतच नसत. ते बघायचे तोंडाकडे. समोरचा बिचारा सासूच्या आजारपणाबद्दल सांगतोय आणि काका मनात म्हणतायत, डावीकडची वरची दाढ गेलीय याची, म्हणून उजवीकडून चावतो. बेचाळीस वर्षं कवळ्या करणाऱ्या माणसाची नजर दुसरीकडे जाणार तरी कुठे?

त्यात गंमत अशी, की खरी तोंडं त्यांच्या वाट्याला यायचीच नाहीत. ती जायची दातांच्या डॉक्टरांकडे. काकांकडे यायचे प्लास्टरचे साचे, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर नंबर टाकलेले. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं. तिथे बसून काका मेणात एकेक दात रोवायचे, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचे, मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचे आणि मग चाकावर इतकं घासायचे, की जीभ कुठे अडू नये. खोकं बंद करून डॉक्टरांकडे रवाना केलं की संपलं. पुढे त्या दातांनी काय खाल्लं आणि कुणाला शिव्या दिल्या, हे कळायला मार्ग नव्हता.

म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एक टूम काढली. वर्षभरात ज्यांच्या कवळ्या केल्या, त्यांतले येतील तेवढे लोक एका संध्याकाळी जेवायला बोलवायचे. डॉक्टरांनाही ही कल्पना आवडली. जागा ठरलेली, दुकानापासून चार पावलांवरचं लेबनीज हॉटेल. ते जवळ होतं हे खरंच, पण काकांचा हिशेब वेगळा होता. त्यांच्या मते जगात दुसरं कुठलंही जेवण नव्या कवळीला इतकं सोयीचं नाही. आधी हमस, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांची चटणी, नुसती चाटली तरी चालते. मग भाजलेल्या वांग्याचा लगदा. मग मऊ पिटा रोटी. मग फलाफल, म्हणजे चण्याचे वडे, वरून कुरकुरीत पण आतून मवाळ. त्यानंतर तबुले, बारीक चिरलेल्या कोथिंबिरीसारख्या पाल्याची कोशिंबीर, ती दाताखाली अडकते की नाही ते बघायचं. सगळ्यात शेवटी कबाब आणि शलगमचं गुलाबी लोणचं. ते लोणचं कचाकचा चावता आलं की माणूस पास.

"लोक पोरांच्या परीक्षा घेतात, हे म्हाताऱ्यांच्या घेतात," असं काकू प्रत्येक वर्षी म्हणायच्या आणि प्रत्येक वर्षी नवी साडी नेसून जायच्या.

काका स्वतः मात्र त्या जेवणात कधी जेवले नव्हते. यजमान म्हणून टेबलाभोवती फिरत राहायचे आणि चौदा-पंधरा जबड्यांवर पहारा ठेवायचे. घरी आल्यावर काकू त्यांना गार पोळी गरम करून द्यायच्या.

यंदाच्या जेवणाची मात्र त्यांना धास्ती होती. यंदा आक्का येणार होत्या.

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा काकांना आंघोळ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं आक्कांनीच केलं. तीस वर्षं त्या बसस्थानकावर माईकवर बसल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, हे त्यांनी असं सांगावं की झोपलेला प्रवासीही उठून बरोबर फलाटावर जाऊन उभा राहील. निवृत्तीनंतर त्या भावाकडेच राहायला आल्या. तोंडाचा पट्टा तसाच चालू होता.

दात गेले आणि सगळंच बदललं. पहिली कवळी काकांनी जीव ओतून केली होती. ती घालून आक्का भाचीकडे जेवायला गेल्या, पावाचा मोठा घास तोडला, आणि कवळी पावाबरोबरच बाहेर आली. टेबलाभोवती दहा माणसं होती. कुणी हसलं नाही, हेच आक्कांना जास्त लागलं. "हसले असते तर मीही हसले असते रे. सगळे ताटात बघायला लागले," असं त्या काकांना म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी माणसांत जेवणं सोडलं. घरात सगळ्यांचं झालं की त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. काकांनी दुसरी कवळी केली. ती पडत नव्हती, पण बोलताना टक टक वाजायची, आणि माईकवर आयुष्य काढलेल्या बाईला ते सहन होईना. त्या बोलायच्याही कमी झाल्या. अंगावरचे कपडे सैल झाले.

दोन वर्षं काकांना हे सलत होतं. गावभरच्या लोकांना दात दिले आणि जिने भरवलं तिलाच घास चावता येत नाही, या विचाराने त्यांना टेबलाशी बसवेना. शेवटी त्यांनी तिसरी केली. पाच वेळा मेणातले दात काढून परत लावले. साच्यावर निळा कागद दातांमध्ये धरून कुठे जास्त टेकतंय ते बघितलं, आणि केसाएवढं घासून पुन्हा बघितलं.

कवळी हातात घेताना आक्का म्हणाल्या, "ही शेवटची हं. नाही जमली तर पातळ पिऊन राहीन, पण चौथी मागणार नाही."

"घालून तर बघ."

"घालीन. तू बाहेर जा."

आठ दिवस त्या ती घालून वावरल्या. बसते का विचारलं की "बसते" एवढंच. खाऊन दाखव म्हटलं की दार लोटलेलं. जेवणाला येशील का, असं काकांनी भीतभीतच विचारलं. आक्का म्हणाल्या, "येईन. जेवीन असं नाही सांगत."

"अहो, तुम्ही असे टक लावून बघत राहता, म्हणून त्या जेवत नाहीत," काकू रात्री म्हणाल्या.

"मी नाही बघणार तर कोण बघणार? माझं कामच आहे ते."

काकूंनी त्यांच्यापुढे हात टेकले.

संध्याकाळी सात वाजता सगळे जमले. दोन लांब टेबलं जोडली होती. एका टोकाला निवृत्त बस ड्रायव्हर बसले होते, ज्यांनी वर्षानुवर्षं आक्कांच्या आवाजावर गाडी काढली होती आणि आज त्यांना प्रथमच समोरासमोर बघत होते. त्यांच्या शेजारी भूगोलाच्या बाई. आक्का मधोमध, पदर नीट घेऊन, ओठ घट्ट मिटून. काकूंनी त्यांच्या शेजारची खुर्ची पकडली. काका नेहमीप्रमाणे उभेच.

हॉटेल यंदा जुन्या मालकांच्या मुलीच्या हातात आलं होतं. काकांनी तिला आठवडाभर आधी क्रम समजावून सांगितला होता, कागदावर लिहूनही दिला होता. तिने मान डोलावली होती. आणि आता आतून वाढपी आले ते ओळीने, दोन्ही हातांत बशा घेऊन. हमस, वांगं, फलाफल, तबुले, काकड्या, ऑलिव्ह, लोणचं, कबाबांची आख्खी थाळी, सगळं एकदम. टेबलावर पाण्याचा पेला ठेवायला जागा उरली नाही.

काकांनी कपाळाला हात लावला. आक्कांच्या अगदी पुढ्यात कबाब आले होते. पहिलाच घास कबाबचा घेतला आणि कवळी हलली तर? ते तडक आत घुसले.

"अगं बाई, मी काय सांगितलं होतं? कबाब शेवटी!"

मालकीण जाळीवरचे तुकडे उलटत होती. तिने वर न बघता उत्तर दिलं, "काका, बाबा तुमच्या भिडेखातर तसं वाढायचे. हे जेवण तसं नसतं. सगळं मधे ठेवायचं, ज्याला जे हवं त्याने ते घ्यायचं. माणसं जेवायला आलीत की तपासणीला?"

"माझी बहीण आहे त्यांत. तिला ते चावणार नाही."

"मग तुम्ही त्यांच्यापुरतं बारीक करून न्या. सुरी तिथे आहे."

काकांना तेवढं पुरे होतं. त्यांनी एक कबाब घेतला, बाही मागे सारली आणि कामाला लागले. आधी उभे काप, मग आडवे, मग प्रत्येक तुकड्याचा कडक काठ काढून टाकायचा. दाढेवर नेमका किती मोठा तुकडा बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बेचाळीस वर्षांचं कसब त्या एका कबाबवर पणाला लागलं होतं. बारीक झाल्यावर त्यांनी तो चमच्याने दाबून पाहिला, पुन्हा चार तुकडे कापले. मालकीण दोनदा त्यांना वळसा घालून गेली. दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील.

बशी दोन्ही हातांत धरून ते बाहेर आले आणि दारातच थबकले.

आक्का बोलत होत्या. मोठ्याने. आपण एकदा चुकून दोन गाड्यांना एकच फलाट सांगितला आणि दोन्ही ड्रायव्हर कसे खाली उतरून भांडले, ते सांगत होत्या, आणि निवृत्त ड्रायव्हर "त्यातला एक मीच!" म्हणून टेबलावर थापा मारत होते. आवाज स्वच्छ होता. कुठे टक नाही, कुठे शिट्टी नाही. त्यांच्या ताटात कबाबची एक रिकामी सळई पडली होती, पिटाचे फाडलेले काठ होते, आणि लोणच्याचा गुलाबी रस ताटाच्या कडेपर्यंत गेला होता.

काका घाईने काकूंच्या कानाशी वाकले. "तिने आधी काय खाल्लं? कबाब? कुठल्या बाजूने चावला?"

"मला काय माहीत! मी जेवत होते."

त्यांनी ड्रायव्हरना विचारलं. ड्रायव्हर म्हणाले, "खाल्लं की त्यांनी. काय खाल्लं? अहो, आम्ही गप्पांत होतो." भूगोलाच्या बाईंनाही काही सांगता येईना. चौदा माणसांच्या टेबलावर एकालाही आठवत नव्हतं, की आक्कांनी पहिला घास कधी घेतला. कुणी बघितलंच नव्हतं.

दोन वर्षं ज्या घासाची वाट बघितली तो हुकला, म्हणून काकांना क्षणभर रागच आला. आणि मग एकदम त्यांना उमगलं. कुणी बघितलं नाही. म्हणजे बघण्यासारखं काही झालंच नाही. एक बाई चार माणसांत बसून जेवली, बस्स. त्यांचा जीव असा भांड्यात पडला, की त्यांना खुर्ची ओढून बसावंच लागलं. डोळे भरून आले होते. त्यांनी ते बाहीने पुसले, आणि बाहीला लागलेल्या मसाल्याने ते आणखीच वाहायला लागले.

"हे काय आणलंस?" आक्कांनी समोरच्या बशीकडे बघून विचारलं. "एवढा चुरा कुणासाठी?"

काकांनी बशी स्वतःकडे ओढली. "माझ्यासाठी," ते म्हणाले.

"का रे? दात दुखतायत का तुझे?"

सगळं टेबल खदखदून हसलं. काकांनी केलेल्या सगळ्या कवळ्या एकाच वेळी उघड्या पडल्या, आणि त्यांनी त्यांतल्या एकीकडेही पाहिलं नाही. खाली मान घालून त्यांनी पिटाचा तुकडा तोडला, त्यात तो चुरा भरला आणि जेवायला सुरुवात केली.