आठ लेखण्या

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी, नागपूरच्या एका रुग्णालयात मेंदूचा आलेख काढणारे तंत्रज्ञ त्याच रुग्णालयात भरती झाले. यकृत निकामी झालं होतं, शुद्ध नव्हती. आलेखाचं यंत्र चालवता येणारे तिथे ते एकटेच होते.

मी वर्तमानपत्रासाठी रुग्णालयाच्या बातम्या करीत असे. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "तुमचा पेपर खोटं बोलते गा. माझा नाही बोलत." पुढे दर भेटीत हेच वाक्य, मग चहा.

त्यांचा पेपर म्हणजे यंत्रातून सरकणारा लांब कागद. आठ लेखण्या त्यावर शाईने मेंदूच्या लाटा काढीत. रोज संध्याकाळी ते लेखण्या कोमट पाण्यात धूत, बारीक तार घालून मोकळ्या करीत. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. उशीर होतोय म्हटलं, तर म्हणत, "घरी कोण वाट पाहून राहिलं?" हुडकेश्वरला एका खोलीत ते एकटे राहत.

एकदा पारशिवनीचे एक शिक्षक यकृताच्या आजाराने बेशुद्ध होते. अंगाला झटका नव्हता. तुम्ही-आम्ही त्याला झोप म्हटलं असतं. "तीन दिवस झाले, मले ओळखून नाही राहिले," बायको सांगत होती. तंत्रज्ञ बराच वेळ शिक्षकांच्या फडफडणाऱ्या डाव्या पापणीकडे पाहत राहिले. मग यंत्र ढकलत खाटेपाशी आणून त्यांनी कागद चालू केला.

"साहेब, ही झोप नाही. आत फिट चालू आहे."

"यकृताच्या गुंगीतही अशा लाटा येतात," डॉक्टर म्हणाले. "औषधाने गुंगी वाढली तर?"

"थोडं थोडं द्या. मी कागद पाहून राहिलो ना."

इंजेक्शन हळूहळू गेलं. टोकदार लाटा विरल्या. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी बायकोला नावाने हाक मारली. तंत्रज्ञ मला म्हणाले, "छापू नका गा. सगळ्यांचं असं नाही होत."

भरती होण्यापूर्वी तीन आठवडे ते कामावर नव्हते. आजाराचं त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या खाटेपाशी बसलो. भेटायला आणखी कुणी आलं नव्हतं. त्यांची डावी पापणी फडफडली, थांबली, पुन्हा फडफडली. मी डॉक्टरांना बोलावलं. तेच डॉक्टर.

त्यांनी यंत्र आणवलं, माहितीपुस्तिका पाहत डोक्याला तारा चिकटवल्या, कागदाच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. कागद सरकू लागला. लेखण्या हलत होत्या, पण आत शाई सुकून बसली होती. कोमट पाणी आणलं, तार घातली. एकही मोकळी झाली नाही. पापणीची ती हालचाल फिटची की गुंगीची, हे नुसत्या नजरेने सांगू शकणारा माणूस खाटेवर होता.

"कागदाशिवाय कसं देऊ?" डॉक्टर म्हणाले. भरलेलं इंजेक्शन त्यांनी परत ट्रेमध्ये ठेवलं.

गुरुवारी सकाळी तंत्रज्ञ गेले. तो कागद मी मागून घेतला. कोपऱ्यात त्यांचं नाव आहे. पुढे एकही रेघ नाही.